निर्वासित प्रवासपत्रावर परदेशी जाताना व्हिसा लागतो का? आमचा अनुभव आणि काही प्रश्न

मैत्रेयी_क

हा धागा काढायला मला तीन आठवडे लागले. आधी बोलायचीच इच्छा नव्हती. आता लिहितेय, कारण आमच्यासारखी जोडपी आणि कुटुंबं इथे नक्की असतील आणि मराठीत या विषयावर मला काहीच सापडलं नाही.

माझा नवरा मान्यताप्राप्त निर्वासित आहे. त्याचा मूळ देश लिहीत नाही, त्याची आई आणि भाऊ अजून तिकडेच आहेत. आम्ही जर्मनीत राहतो. त्याच्याकडे जर्मन सरकारने दिलेली निळी पुस्तिका आहे, निर्वासितांसाठीचं प्रवासपत्र. वेष्टनावर वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा आणि खाली २८ जुलै १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय कराराचा उल्लेख. माझा पासपोर्ट भारतीय.

लंडनला माझ्या बहिणीला बाळ झालं. माझा व्हिसा मी रीतसर काढला. त्याला लागणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. एका पानावर अगदी स्पष्ट लिहिलं होतं की १९५९ च्या युरोपीय करारामुळे निर्वासितांना करारातल्या देशांमध्ये तीन महिन्यांपर्यंत व्हिसाशिवाय जाता येतं, आणि देशांच्या यादीत ब्रिटनचं नाव होतं. विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने पुस्तिका दोनदा चाळली, कुणाला तरी फोन लावला आणि म्हणाली, व्हिसा नाही तर बोर्डिंग पास देता येणार नाही. त्याने पुस्तिका खिशात ठेवली आणि मला म्हणाला, तू जा. मी गेले नाही.

आता प्रश्न. तो करार खोटा होता का? नियम नक्की कुठे बघायचे? आणि पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीकडे कॅनडाला जायचंय. स्वस्त तिकीट लंडनवरून आहे, दोन वेगळी तिकिटं काढून. ते चालेल का?

प्राजक्त

वाचून वाईट वाटलं ताई. बाळाला भेटायला निघालेली माणसं काउंटरवरून परत यावीत! माहिती काही नाही माझ्याकडे, पण धागा वर राहावा म्हणून लिहितोय.

शर्वरी

मैत्रेयी, मी गेली काही वर्षं निर्वासितांच्या कागदपत्रांसाठी मदत करणाऱ्या गटात स्वयंसेवक आहे. वकील नाही, पण हे प्रकरण रोज हाताखालून जातं. सविस्तर लिहिते.

करार खोटा नव्हता. २० एप्रिल १९५९ ला स्ट्रासबर्गमध्ये युरोप परिषदेच्या सदस्य देशांनी तो केला आणि आजही तो अस्तित्वात आहे. जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन, स्वित्झर्लंड असे बरेच देश त्यात आहेत. त्यात एक कलम असं आहे की सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा सार्वजनिक आरोग्याचं कारण देऊन कोणताही देश आपल्यापुरता तो स्थगित करू शकतो. फ्रान्सने १९८६ मध्ये तसं केलं, ब्रिटनने २००३ मध्ये, आणि आयर्लंडने जुलै २०२२ मध्ये. देश यादीत राहतो, सवलत मात्र थांबते. तुम्ही वाचलेल्या पानावर बहुधा नुसती यादी होती, स्थगितीची टीप नव्हती. ब्रिटनच्या आजच्या नियमांत तर सरळ लिहिलेलं आहे की राष्ट्रीय पासपोर्ट सोडून दुसऱ्या कोणत्याही कागदावर येणाऱ्या पाहुण्याला आधी व्हिसा हवा. त्यामुळे काउंटरवरची मुलगी बरोबर होती, आणि तुमचाही यात दोष नाही.

याच्या मुळाशी जो गैरसमज असतो तो मला फार वेळा दिसतो, म्हणून थोडं थांबते. लोकांना वाटतं, पुस्तिका जर्मनीची म्हणजे जर्मन माणसाला जिथे व्हिसा लागत नाही तिथे मलाही नाही. तसं नाही. १९५१ च्या कराराच्या २८ व्या कलमाने ही पुस्तिका मिळते आणि त्याच कराराच्या परिशिष्टात लिहून ठेवलंय की पुस्तिकेमुळे धारकाच्या राष्ट्रीयत्वात काही फरक पडत नाही, आणि पुस्तिका देणाऱ्या देशाच्या वकिलातीचं संरक्षणही त्यामुळे मिळत नाही. म्हणजे परदेशात अडचणीत सापडलात तर जर्मन दूतावास जर्मन नागरिकासाठी जे करेल ते तुमच्या नवऱ्यासाठी करायला बांधील नाही. बरेच जण हे पहिल्यांदा ऐकतात तेव्हा गप्प होतात.

मग पुस्तिकेने मिळतं काय? करारातल्या देशांनी तिला वैध प्रवासपत्र मानायचं. एखाद्या देशाला तुम्हाला आत घ्यायचं असेल आणि व्हिसा लागत असेल, तर त्याने तो याच पुस्तिकेवर द्यायचा. व्हिसाची फी परदेशी पासपोर्टांसाठी जो सर्वांत कमी दर असेल त्याहून जास्त घ्यायची नाही. आणि सगळ्यांत मोलाचं म्हणजे, पुस्तिकेची मुदत असेपर्यंत देणाऱ्या देशाने तुम्हाला परत आत घ्यायचं. या शेवटच्या हमीवरच बाकी सगळं उभं आहे. व्हिसा देणारा अधिकारी मनात एकच प्रश्न विचारत असतो: हा माणूस परत कुठे जाणार? नागरिकाच्या बाबतीत उत्तर पासपोर्टातच असतं. निर्वासिताच्या बाबतीत ते पुस्तिकेची मुदत आणि निवास परवाना मिळून तयार होतं. दोन्हींपैकी एक संपत आलं असेल तर अर्ज कच्चा पडतो.

शेंगेन देशांत, म्हणजे आपसात सीमेवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, मात्र तुम्हाला हा त्रास नाही. जर्मन पुस्तिका आणि जर्मन निवास परवाना दोन्ही चालू असले की इतर शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस व्हिसाशिवाय फिरता येतं. फ्रान्सलाही, त्याने १९५९ चा करार स्थगित केलेला असला तरी, कारण इथे हक्क शेंगेनच्या निवास परवान्यामुळे मिळतो. परवान्याचं कार्ड घरी विसरून नुसती पुस्तिका घेऊन निघू नका.

रनवे_२७

मी विमान कंपनीत चेक-इनला काम करतो, काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतो.

आम्ही नियम पाठ करत नाही. 'टिमॅटिक' नावाची माहितीप्रणाली असते, विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, म्हणजे आयाटाची. त्यात प्रवाशाचं राष्ट्रीयत्व, कागद कोणता, तो कुणी दिला, राहतो कुठे, जाणार कुठे, मध्ये कुठे थांबणार, हे सगळं भरावं लागतं आणि ती उत्तर देते. व्हिसा नसलेल्या माणसाला आम्ही नेऊन सोडलं तर कंपनीला दंड बसतो आणि त्याला परत आणायची जबाबदारीही कंपनीचीच. म्हणून शंका आली की कर्मचारी 'नाही'कडे झुकतो. तुमच्या बाबतीत 'नाही' बरोबर होतं, पण व्हिसा हातात असूनही अडवलेले निर्वासित प्रवासी मी पाहिले आहेत. कागदाचा प्रकार निवडताना समोरच्याने 'पासपोर्ट' असं निवडलं की उत्तर चुकीचं येतं.

दुसरं म्हणजे, या पुस्तिकेच्या यंत्राने वाचायच्या ओळींत राष्ट्रीयत्वाच्या जागी 'एक्सएक्सबी' असा संकेत असतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवलेले हे संकेत आहेत: १९५१ च्या करारातला निर्वासित म्हणजे एक्सएक्सबी, कोणत्याच देशाचा नागरिक नसलेला म्हणजे एक्सएक्सए. बऱ्याच संकेतस्थळांवर देशांच्या यादीत हे पर्यायच नसतात. मग लोक पुस्तिका देणारा देश निवडतात, म्हणजे जर्मनी, आणि यंत्रणा त्यांना जर्मन नागरिक समजून 'व्हिसा नको' असं सांगते. गोंधळ तिथून सुरू होतो. ऑनलाइन चेक-इनचा नाद सोडा. अडीच-तीन तास आधी काउंटरवर या आणि पुस्तिका, निवास परवाना आणि व्हिसा तिन्ही एकत्र समोर ठेवा. आणि शांतपणे एवढंच म्हणा, "कागदाचा प्रकार निर्वासित प्रवासपत्र असा निवडून बघाल का?" आमच्यातल्या नव्या मुलांना याची खरंच मदत होते.

आता दोन वेगळ्या तिकिटांबद्दल. असं करू नका. वेगळ्या तिकिटांवर सामान बहुतेक वेळा शेवटपर्यंत जात नाही. लंडनला उतरून सामान घ्यायचं म्हणजे ब्रिटनची सीमा ओलांडायची, आणि त्याला व्हिसा लागणार. जर्मनीहून कॅनडाला थेट विमानं आहेत. दोनशे युरो वाचवायला जाल आणि दोन्ही तिकिटांचे पैसे घालवून बसाल.

सुधीर_म

मला एक समजत नाही. मूळ देशाचा जुना पासपोर्ट असेल, किंवा वकिलातीतून नवा मिळत असेल, तर प्रवासापुरता तो वापरला तर काय बिघडतं? एवढी यातायात तरी वाचेल.

शर्वरी

सुधीरदादा, कृपया हा सल्ला कुणालाही देऊ नका. तुम्ही चांगल्या मनाने विचारलंत हे मला कळतंय, म्हणून कारण सांगते.

ज्या सरकारपासून संरक्षण मागितलं त्याच सरकारचं संरक्षण माणूस आपणहून पुन्हा घ्यायला लागला, तर त्याचं निर्वासितपण संपू शकतं. १९५१ च्या कराराच्या पहिल्याच कलमात, 'सी' भागात, हे आहे. मूळ देशाचा पासपोर्ट काढणं किंवा त्याची मुदत वाढवून घेणं ही त्याची ठळक खूण मानली जाते. मूळ देशात परत जाऊन येणं ही त्याहून मोठी. आई शेवटच्या घटका मोजतेय म्हणून चार दिवस जाऊन आलेल्या माणसालाही परतल्यावर चौकशीला तोंड द्यावं लागू शकतं. प्रत्येक वेळी दर्जा जातोच असं नाही, कारणं आणि परिस्थिती बघतात, पण तो धोका नकळत कुणी पत्करू नये. पुष्कळ पुस्तिकांवर छापलेलंच असतं की मूळ देश सोडून इतर सर्व देशांसाठी वैध. ती ओळ आधी वाचा.

आणि मैत्रेयी, हे तुमच्यासाठी: व्हिसाच्या अर्जात राष्ट्रीयत्व विचारलं तर खरं तेच लिहायचं. बहुतेक निर्वासित कागदोपत्री आपल्या मूळ देशाचे नागरिकच असतात. 'राष्ट्रीयत्व नाही' असं लिहिलं तर पुढे विसंगती निघते. कागदाच्या प्रकारात निर्वासित प्रवासपत्र लिहायचं. हे दोन रकाने वेगळे आहेत हे लक्षात ठेवलं की अर्धे घोळ टळतात.

अनघा_प

मी अमेरिकेतून. इथलं गणित वेगळं आहे. इथे निर्वासितांना आणि आश्रय मिळालेल्यांना जे प्रवासपत्र मिळतं ते एका वर्षासाठीच. अर्ज आय-१३१ नावाचा, आणि तो देश सोडण्यापूर्वी भरायचा. माझ्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीचं पत्र यायला इतका वेळ लागला की ज्या लग्नासाठी काढलं ते लग्न होऊन गेलं होतं.

आणि वर्षभराच्या मुदतीतून खरं किती उरतं ते बघा. कित्येक देश प्रवासाच्या वेळी सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. शेंगेनमध्ये परतीच्या तारखेनंतर तीन महिने. म्हणजे पत्र हातात पडल्यापासून व्हिसाची वेळ मिळवायची, व्हिसा यायची वाट बघायची आणि निघायचं, हे सगळं काही महिन्यांत बसवायचं. तिने शेवटी आधी व्हिसा केंद्राची वेळ कुठे लवकर मिळते ते पाहिलं आणि मग देश ठरवला.

तिला आणखी एक धडा मिळाला. अमेरिकेच्या प्रवासपत्रावर युरोपात जायचं तर सगळ्या शेंगेन देशांचं उत्तर एक नसतं. २०१८/१८०६ क्रमांकाच्या युरोपीय नियमात, अमेरिकेसारख्या व्हिसामुक्त देशात राहणाऱ्या आणि त्याच देशाचं पत्र असलेल्या निर्वासिताला सूट द्यायची की नाही, हे प्रत्येक सदस्य देशावर सोडलंय. एक देश सूट देतो, शेजारचा देत नाही. त्यामुळे दोन देशांची सहल असेल तर दोघांनाही विचारावं लागतं.

वेदश्री

मध्येच एक विचारू का? माझा मित्र आश्रय मागून आला, पण त्याला निर्वासित दर्जा नाही मिळाला, 'पूरक संरक्षण' मिळालं. त्याची पुस्तिका करड्या रंगाची आहे. वरचं सगळं त्यालाही लागू होतं का?

शर्वरी

नाही वेदश्री, आणि बरं झालं विचारलंत. युरोपीय कायद्यात निर्वासित दर्जा आणि पूरक संरक्षण (निर्वासिताच्या व्याख्येत न बसणाऱ्या, पण परत पाठवलं तर गंभीर धोका असलेल्यांना मिळणारं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गटातल्या माणसाला १९५१ च्या करारातली पुस्तिका मिळत नाही. त्याने आधी मूळ देशाकडून पासपोर्ट मिळवायचा प्रयत्न करावा अशी अपेक्षा असते आणि ते शक्य नसेल तर परकीयांसाठीचं प्रवासपत्र मिळतं. जर्मनीत तेच करड्या रंगाचं. १९५९ चा करार त्याला लागू नाही, आणि करारामुळे इतर देशांवर येणारी बांधिलकीही या पुस्तिकेला नाही. शेंगेनमध्ये निवास परवान्यामुळे फिरता येईल, पण त्यापलीकडे प्रत्येक देश हा कागद मानतो की नाही इथूनच सुरुवात करावी लागते. युरोपीय आयोग एक तक्ता प्रसिद्ध करतो, कोणत्या देशाचं कोणतं प्रवासपत्र कोणता सदस्य देश मान्य करतो त्याचा. तो बघा. ज्या कागदाला मान्यताच नाही त्यावर व्हिसा मागण्यात अर्थ नसतो.

निनाद_जो

भारताचं कुणाला माहीत आहे का? माझा सहकारी निर्वासित आहे, त्याला माझ्याबरोबर यायचंय.

शर्वरी

भारत १९५१ च्या करारात नाही, त्याला जोडलेल्या १९६७ च्या प्रोटोकॉलमध्येही नाही. त्यामुळे पुस्तिका मान्य करण्याची कराराची बांधिलकी भारतावर नाही. नेपाळ, श्रीलंका, थायलंड, मलेशिया, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती यांचंही तेच. याचा अर्थ व्हिसा मिळत नाही असा नाही, प्रत्येकाला आपापल्या नियमाने ठरवता येतं एवढाच. भारताचा ई-व्हिसा मात्र पासपोर्टऐवजी अशा प्रवासपत्रावर येणाऱ्यांना मिळत नाही. दूतावासाकडे किंवा त्यांच्या व्हिसा केंद्राकडे कागदी अर्ज करावा लागतो. वेळ भरपूर हाताशी ठेवा आणि तिकीट व्हिसानंतरच काढा.

हेच तत्त्व ऑनलाइन मिळणाऱ्या झटपट परवानग्यांना सगळीकडे लावा. अमेरिकेचं एस्टा, कॅनडा आणि ब्रिटनचं ईटीए, हे ठरावीक देशांच्या पासपोर्टधारकांसाठी आहेत. निर्वासित प्रवासपत्रावर ते मागितलं तर फीही जाते आणि नकारही येतो.

रनवे_२७

एक राहिलं होतं. विमानतळाच्या आतच विमान बदलायचं असलं तरी काही राष्ट्रीयत्वांना शेंगेनमध्ये विमानतळ-पारगमन व्हिसा लागतो. सगळ्या शेंगेन देशांना सारखी लागू असलेली यादी बारा देशांची आहे: अफगाणिस्तान, इराण, इराक, इरिट्रिया, इथिओपिया, सोमालिया, काँगो लोकशाही प्रजासत्ताक, नायजेरिया, घाना, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका. यादी वाचली की कळेल, जगातले कितीतरी निर्वासित यातल्याच देशांचे आहेत. शेंगेनचा निवास परवाना असेल तर सूट आहे, अमेरिकेचं ग्रीन कार्ड असेल तरीही आहे. पण काही सदस्य देशांची स्वतःची जास्तीची यादीही असते, म्हणून ज्या विमानतळावर थांबणार त्या देशाचं बघून घ्या.

प्राजक्त

हे सगळं वाचताना नान्सेन पासपोर्ट आठवला. पहिल्या महायुद्धानंतर लाखो लोक देशाविना राहिले तेव्हा राष्ट्रसंघाचे निर्वासित उच्चायुक्त फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी १९२२ मध्ये हे ओळखपत्र सुरू केलं. संगीतकार स्ट्राविन्स्की आणि चित्रकार शागाल यांनी त्यावरच सीमा ओलांडल्या. तेव्हाही प्रत्येक देश व्हिसा देताना आपलंच बघायचा. शंभर वर्षांनंतरही मैत्रेयीताईंच्या नवऱ्याला काउंटरवर उभं राहून तेच समजवावं लागतंय, याचं वाईट वाटतं.

मैत्रेयी_क

सगळ्यांचे मनापासून आभार. चार महिन्यांनी परत येऊन लिहितेय, कारण कुणी पुढे हा धागा शोधत आलं तर त्यांना शेवट कळावा.

त्याने ब्रिटनचा पाहुणा व्हिसा मागितला. अर्जासोबत पुस्तिका, निवास परवान्याच्या दोन्ही बाजूंच्या प्रती, नोकरीचं पत्र, सहा महिन्यांचे पगाराचे कागद, आमचं लग्नाचं प्रमाणपत्र आणि बहिणीचं निमंत्रण जोडलं. शर्वरीताईंनी सांगितलेला 'हा माणूस परत कुठे जाणार?' हा प्रश्न लक्षात ठेवून एक पानाचं पत्रही लिहिलं. पुस्तिका अमुक तारखेपर्यंत, परवाना अमुक तारखेपर्यंत, नोकरी कायमची, म्हणून परतीचा हक्क आणि कारण दोन्ही आहेत, एवढंच. मागच्या वेळी विमानतळावरून परतावं लागलं तेही लपवलं नाही. व्हिसा आला.

काउंटरवर या वेळी एक मुलगा होता. त्याच्या स्क्रीनवर पहिल्यांदा लाल इशाराच आला. नवऱ्याने रनवेदादांचं वाक्य शब्दशः म्हटलं. मुलाने कागदाचा प्रकार बदलला आणि बोर्डिंग पास छापला. भाची आता सात महिन्यांची आहे, दात येतायत. त्याच्या खांद्यावर झोपली.

एक प्रश्न उरलाय. कॅनडाचा पाहुणा व्हिसा मागायचा आहे, थेट विमानाने जाऊ. पण पुस्तिकेची मुदत आता अकराच महिने उरलीय. अर्ज आत्ता करू की आधी नवी पुस्तिका काढू?

शर्वरी

भाचीची बातमी वाचून फार बरं वाटलं!

आधी पुस्तिका. व्हिसा पुस्तिकेच्या मुदतीपलीकडचा मिळत नाही, आणि जर्मनीची पुस्तिका तीन वर्षांपर्यंतची असते, मग आत्ताच्या अकरा महिन्यांवर अर्ज का खर्च करायचा? परदेशी नागरिकांची कामं बघणाऱ्या तिथल्या कार्यालयाची वेळ आजच मागून ठेवा, महिनोन्‌महिने मिळत नाही. जुनी पुस्तिका रद्द करून परत मागा, तिच्यात ब्रिटनला जाऊन वेळेत परतल्याचा पुरावा आहे आणि कॅनडाच्या अर्जाला तोच उपयोगी पडेल. बोटांचे ठसे कॅनडा घेईल, पण ते दहा वर्षं चालतात.

निवास परवान्याची तारीखही बघून सांगाल का? तो पुस्तिकेआधी संपत असेल तर क्रम बदलावा लागेल.